हद्दीच्या दगडावरची भाऊबीज

पुण्यातून दक्षिणेला निघालं, घाट उतरून गेलं की हमरस्त्याच्या डाव्या हाताला एक काळा दगड आहे. गुडघ्याएवढा. एका अंगाला सूर्य-चंद्र कोरलेले, दुसऱ्या अंगाला झिजून गेलेली अक्षरं. एके काळी त्या दगडापासून पुढे एका संस्थानाचा मुलूख सुरू व्हायचा. अलीकडचा मुलूख इंग्रजांचा. त्याला तिकडचे लोक खालसा म्हणत. संस्थानं विलीन झाली ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, पण माझ्या आजोळी कुणी पुण्याला निघालं की म्हातारी माणसं अजूनही 'खालसात चाललाय' असंच म्हणतात. इतिहासाची आवड असलेले लोक हल्ली त्या दगडाचे फोटो काढतात. मला त्यात इतिहास कधी दिसला नाही. माझ्या डोळ्यांपुढे तिथे चटई येते, करंज्यांचा डबा येतो, आणि पुन्हा पुन्हा विझणारं निरांजन येतं.

लोकांची भाऊबीज घरात होते. आमच्या आईची रस्त्याच्या कडेला व्हायची, आणि त्याचं कारण माझे आजोबा.

आजोबांना सगळे आबा म्हणत. मी कॉलेजात होते तेव्हा ते आजारी पडले. गावात डॉक्टर नव्हता, म्हणून आई स्वतः जाऊन त्यांना पुण्याला घेऊन आली. मला आता हद्दीबाहेर नेऊ नका, असं ते म्हणत होते म्हणे. आईनं ऐकलं नाही. खडकी बाजाराच्या मागे आमचं दोन खोल्यांचं बैठं घर आहे, त्यातल्या आतल्या खोलीत खिडकीशी लोखंडी पलंग होता, त्यावर त्यांना झोपवलं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. कारखान्याचा भोंगा वाजला की आबा डोळे उघडायचे आणि विचारायचे, ''आला का?'' त्यांना तो भोंगा एसटीचा हॉर्न वाटायचा. वाट बघत होते ते मामाची.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याला निरोप पोचला होता, पण भातझोडणीचे दिवस होते. उद्या निघू म्हणाला, आणि त्या उद्यापर्यंत आबा थांबले नाहीत. तो आला तो थेट स्मशानात. तिथून सगळे परतले तेव्हा तो आमच्या फाटकाबाहेरच उभा राहिला आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ''माझ्या बापाला खालसात आणून मारलंस, आक्का. ह्या मुलखात मी पुन्यांदा पाऊल ठेवायचा न्हाई. आन तू माझा उंबरा चढायचा न्हाई.'' आई दारात उभी होती. तो राग त्याचा स्वतःवरचा होता हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त त्याची चीड आली होती, आणि ती मी बरीच वर्षं इमानेइतबारे जपली.

पुढच्या दिवाळीला भाऊबीजेच्या सकाळी आईनं पाट, ताट, करंज्या, कुंकू-अक्षता असं सगळं पिशवीत भरलं आणि वडिलांना म्हणाली, ''चला.''

''कुठे?'' वडील म्हणाले. ''त्यानं उंबरा चढू नको म्हणून सांगितलंय.''

''उंबरा चढू नको म्हणालाय. हद्दीपर्यंत येऊ नको असं काही म्हणालेला नाही.''

आईचं लग्न होऊन ती पुण्यात आली तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती. पुण्यानं तिला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हे वाक्य दाखवीन. गावाकडे निरोप धाडून ठेवला होता. पोचला की नाही ते माहीत नव्हतं. वडिलांच्या स्कूटरवरून दोघं गेली. आईनं दगडाच्या अलीकडे चटई अंथरली, पलीकडे पाट मांडला, आणि बसली. मामा आला. उशिरा आला, पण आला. पाटावर बसला. दगड मधे ठेवून आईनं त्याला ओवाळलं. मामाचा नियम असा होता की हात हद्द ओलांडून आला तर चालतो, पाय नको. दोघांनी एकमेकांच्या घरची चौकशी केली नाही. करंजी खाऊन मामा उठला आणि गेला.

मग ते दर वर्षीचंच झालं. माझी नोकरी टेलिफोन खात्यात. अख्ख्या शहराची बोलणी जोडून देणाऱ्या खात्यात मी आणि माझ्याच घरातली दोन माणसं फोनवर बोलायला तयार नाहीत. भाऊबीजेला मात्र दोघं हजर. मामा येताना घरचे तांदूळ आणायचा आणि एक नारळ. आईची शुद्ध भाषा तिथे पोचली की पायऱ्या उतरायची. ''व्हय'' आणि ''न्हाई'' म्हणायची, आणि परत घाट चढला की पुन्हा होतं तसं. सगळ्यात कठीण काम निरांजनाचं. एकेक ट्रक गेला की ज्योत गेलीच. वडील छत्री आडवी धरून उभे राहायचे. ते गेल्यावर छत्री माझ्याकडे आली.

रस्त्यावर ओवाळणं चाललेलं बघून जाणारे-येणारे थांबायला लागले. एका वर्षी एक कुटुंब गाडीतून उतरलं, चपला काढल्या, दगडाला हात जोडले, आणि त्यातल्या बाईंनी आईला अदबीनं विचारलं, ''अहो, हे कुठलं देवस्थान?''

''हट्टाचं,'' आई म्हणाली. ''नवस बोलू नका. पावतं.''

पुढच्या वर्षी दगडाला कुणीतरी शेंदूर फासलेला होता. मामा पोट धरून हसला, आणि त्या दोघांना एकत्र हसताना मी तेव्हाच काय ती पाहिली.

रस्ता रुंद झाला, मग आणखी रुंद झाला. मधे दोन-तीन दिवाळ्या दगड गायबच होता. आम्ही पत्र्याच्या कुंपणाला टेकून अंदाजानं बसायचो. मग कुणा इतिहासप्रेमी मंडळींनी खटपट केली आणि दगड परत आला, शेंदूर खरवडून, सेवारस्त्याच्या कडेला चौथऱ्यावर, भोवती स्टीलची दांडी. शेजारी माहितीचा फलक. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा फलक प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. उद्घाटन व्हायचं होतं.

यंदा आई नवरात्रात न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, त्याच खिडकीशी त्याच लोखंडी पलंगावर झोपवलं. वय ऐंशीच्या पुढे. डॉक्टरांनी बजावलं की एवढ्यात गाडीत बसायचं नाव काढायचं नाही. दुखण्याबद्दल तिनं ब्र काढला नाही, पण दिवाळी जवळ आली तशी तिची चिडचिड सुरू झाली. चहा गोड, दूध पातळ, मी आळशी. मला कारण ठाऊक होतं. एकदा तिनं भिंतीकडे बघत म्हटलं, ''पुढच्या वर्षी दोघांतलं कोण असेल ते काय सांगावं.'' मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. मी म्हटलं, ''मग बोलाव ना त्याला सरळ! तोंड झिजणार आहे का तुझं?''

''मी उंबरा चढत नाही त्याचा,'' ती म्हणाली, ''आणि तो येत नाही इथे. ठरलेलं आहे.''

भाऊबीजेच्या सकाळी तिनं मला बोलावलं. ''तू जा. माझ्या वतीनं ओवाळून ये.''

मी ताट भरलं. पाट घ्यायला गेले तर म्हणाली, ''पाट राहू दे.''

''का गं? दर वर्षी नेतो ना?''

''राहू दे म्हटलं ना. गाडीत अडचण.''

गाडीत मी एकटी होते आणि मागची सीट सगळी रिकामी होती. पण सणासुदीला आजारी माणसाशी वाद नको म्हणून मी निघाले. शेजारच्या वहिनी तिच्याजवळ येऊन बसल्या होत्या.

मी पोचले तेव्हा मामा आलेला नव्हता. वेळ होता म्हणून फलक वाचायला गेले. असे फलक मी सहसा वाचत नाही. त्यात राजे असतात आणि शुद्धलेखनाच्या चुका. पण खालचा परिच्छेद वाचला आणि पुन्हा वाचला. लिहिलं होतं की जुन्या काळी मोटाररस्ता सरळ करताना हा दगड उत्तरेला हलवण्यात आला. संस्थानच्या हद्दीची मूळ जागा इथून दक्षिणेला, ओढ्याच्या काठी.

मी मान वळवून ओढ्याकडे पाहिलं. आता तिथे रुंद पूल आहे. हाक मारली तर ऐकू जाईल, पण चेहरा ओळखू येणार नाही, एवढ्या अंतरावर. म्हणजे खरी शीव तिथे. आणि मामा इतकी वर्षं पाट टाकून बसत होता तो दगडाच्या पलीकडे असला तरी ओढ्याच्या अलीकडे, चक्क खालसात. माझा आनंद पोटात मावेना. शपथ केव्हाच मोडली होती आणि शपथ घेणाऱ्याला पत्ताच नव्हता! आता मी त्याला फलक दाखवणार, तो गप्प होणार, आणि मी त्याला गाडीत घालून खडकीला नेणार. वकिलाच्या थाटात मी त्या दांडीला टेकून उभी राहिले.

मामा काठी टेकत पुलावरून आला. टोपी पांढरीशुभ्र, खांद्याला पिशवी. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, मग गाडीकडे.

''आक्का?''

मी सांगितलं. पडली, ऑपरेशन झालं, आता बरी आहे, पण उठता येत नाही. तो चौथऱ्याच्या कडेवर हळूच बसला. ''लई लागलंय?'' एवढंच विचारलं आणि पिशवीचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधला.

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. ''मामा, हे वाचलंत?''

''चष्मा घरी ऱ्हायला. तूच वाच.''

मी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. वर खुलासाही केला की शीव तिकडे, तुम्ही इकडे, शपथ केव्हाच संपली. मामानं तंबाखूची चंची काढली, चुना लावला, मळत बसला.

''मला काय नवं सांगतीस?'' तो म्हणाला. ''त्यो दगूड वढून आणला त्या गाडीला बैल आमचंच हुतं. आबा म्होरं, मी मागं.''

माझी वकिली तिथेच आटोपली. मग मी म्हटलं, ''तुम्हाला माहीत होतं? मग पहिल्याच वर्षी ओढ्यावर का नाही थांबलात?''

''थांबलो हुतो की. लई येळ थांबलो.'' त्यानं पुलाकडे हनुवटी केली. ''तितनं आक्का बसल्याली दिसायची. निरांजन लावायची, इझायचं. पुन्यांदा लावायची. दाजी छत्री धरून हुबं. तिला काय मी दिसत न्हवतो. म्हनलं, ही उटायची न्हाई आता. मग आलो.''

रस्त्यावरून गाड्या चालल्याच होत्या. मी त्याच्याशेजारी बसले. इतकी वर्षं ज्या माणसावर मी मनातल्या मनात चिडून होते तो दर भाऊबीजेला, कुणाला न सांगता, स्वतःची शपथ मोडत आला होता. मला त्याचे पाय धरावेसे वाटले, पण आमच्याकडे असलं काही करत नाहीत.

''मग घरी का नाही आलात कधी?''

''हितवर आक्का आली हुती, म्हून मी आलो. त्याच्या म्होरं बोलवाय कोन आलं?''

मी ताट उघडलं, निरांजन लावलं, डब्याचं झाकण आडोशाला धरलं. ''बसा मामा. आईनं मला सांगितलंय तिच्या वतीनं ओवाळायला.''

मामा असा दचकला की तंबाखू सांडली. ''तू? भाचीनं मामाला भाऊबीज करायची? आसं कुटं आसतं का?''

''मग ताट परत नेऊ?''

''भरल्यालं ताट माघारी न्यायचं न्हाई.''

''म्हणजे ओवाळायचंही नाही आणि न्यायचंही नाही. मी काय करू? इथेच उभी राहते दगडासारखी, माझाही फलक लावा.''

तो हसला नाही. सांडलेली तंबाखू झटकत त्यानं विचारलं, ''आक्का काय म्हनली? मला घिऊन ये म्हनली?''

खोटं बोलायला हरकत नव्हती. चांगल्या कामासाठी बोललेलं खोटं चालतं म्हणतात. पण त्याचे डोळे बघून माझी जीभ रेटेना. ''नाही म्हणाली. ओवाळून ये, एवढंच म्हणाली.''

''पाट कुटाय?''

''आणला नाही. पाट राहू दे म्हणाली.''

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग काठी टेकून उठला, टोपी झटकून नीट डोक्यावर घातली.

''चल.''

''कुठे?''

''पाट आसंल तितं.''

पिशवीतून नारळ काढून तो दगडाकडे वळला. तिथे पाटी होती, स्पर्श करू नये. मामाला अक्षरं दिसली नाहीत, पण मी वाचून दाखवल्यावर त्यानं ती मानली, आणि कडेच्या सिमेंटवर नारळ फोडला. ''शीव वलांडताना नारळ लागतो.''

माझ्या अंगात खोड आहेच. मी म्हटलं, ''पण मामा, शीव ओढ्यावर आहे. ती तुम्ही सकाळीच ओलांडलीत.''

''ती खालसाची,'' मामा म्हणाला. ''ही माझी हाय.''

वाटेत मामा बोगदा बघून ''घाट कुटं गेला?'' म्हणाला, आणि खडकीत शिरल्यावर ''भोंगा हुतो का अजून?'' असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यानंतर तो खिडकीबाहेरच बघत होता. आबा भोंगा ऐकून काय विचारायचे ते आईनं त्याला कधी सांगितलेलं नव्हतं, आणि मीही त्या वेळी सांगितलं नाही.

फाटकाशी तो थांबला. तेच फाटक होतं, फक्त रंग बदललेला. मी पुढे होऊन दार उघडलं. शेजारच्या वहिनी मला बघून स्वयंपाकघरात गेल्या.

आतून आईचा आवाज आला. ''कोण आहे?''

''मामा आलेत.''

मामा उंबऱ्यावर एक हात चौकटीला धरून उभा. मग आईचा आवाज पुन्हा आला, अगदी कोरडा.

''दगड परत हलवला वाटतं? या वेळी थेट खडकीपर्यंत?''

मी आत धावले. ''आई! तुलाही माहीत होतं?''

''डोळे काय वटारतेस? दगड ओढत होते तेव्हा भाकऱ्या घेऊन मीच गेले होते.'' तिनं जरीकाठी लुगडं नेसलं होतं, केस विंचरले होते, कपाळाला चंदन लावलं होतं. मी सकाळी निघाले तेव्हा यातलं काही नव्हतं. आणि तिच्या पलंगावर, पायांकडे नव्हे, कमरेशी, हात पोचेल अशा बेतानं, चादरीवरच पाट मांडलेला होता. रांगोळी काढता येईना म्हणून भोवती हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती.

मामा आत आला. त्याची नजर भिंतींवरून, कोनाड्यावरून, खिडकीवरून फिरली. आबा गेल्यापासून या खोलीत तो प्रथमच येत होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

''आक्का, आबा कुटं...''

आईनं सरकण्याचा प्रयत्न केला, तिला कळ आली, तरी ती बोटभर सरकलीच. मग तिनं पाटावर हात ठेवला.

''हितंच,'' ती म्हणाली. ''बस.''